पाल, तंबू आणि छावणी



थंडीच्या दिवसांत ग्वाल्हेरचा मेळा भरला, की आमच्या लष्करातल्या मराठी घरांतून दोन गोष्टी हटकून घडत. सर्कशीला कोणत्या दिवशी जायचे, किती तिकिटे काढायची, शेजारच्या कोणाच्या मुलांना बरोबर घ्यायचे, याची बोलणी सुरू होत, ही पहिली. दुसरी म्हणजे, दिवेलागणीला अंगणातल्या मुलांना नावाने हाका मारून आत घेतले जाई. "सर्कस आली आहे, उगाच लांब फिरकू नका, पोरे उचलून नेतात," असे आजी बजावत असे. तीच आजी रविवारी शाल पांघरून आमच्याबरोबर तंबूत बसे आणि झुल्यावरच्या मुलींना पाहून तोंडात बोट घाली. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे, असे घरात कोणालाच वाटत नसे.

पुढे बेळगावच्या, बडोद्याच्या, इंदूरच्या मराठी मंडळींशी या विषयावर बोलणे झाले, तेव्हा बहुतेकांनी थोड्याफार फरकाने हीच आठवण सांगितली. गावे निराळी, सर्कशी निराळ्या, पण ताकीद एकच. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा घरगुती भीतीकडे हसून दुर्लक्ष करू नये, असे मला वाटते. गावात फिरती मंडळी आली की गाव दाराला कडी का लावते? त्या भीतीला काही आधार होता का? आणि धोका खरोखर कोणाला होता, गावाला की तंबूतल्या माणसांना? आज याच तीन प्रश्नांची उत्तरे आपल्यासमोर मांडण्याचा विचार आहे.

भारतीय सर्कशीचा जन्म एका लहान गावात झाला, आणि ते गाव आपल्या सीमाभागाच्या अगदी शेजारचे आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे कुरुंदवाड हे पटवर्धनांचे छोटे संस्थान. तेथे विष्णुपंत छत्रे हे संस्थानच्या घोड्यांची व्यवस्था पाहत. मूळचे सांगलीकडच्या अंकलखोपचे. चाबूकस्वार म्हणून त्यांचा लौकिक होता आणि गाण्याचा नाद तर त्यांना थेट आमच्या ग्वाल्हेरपर्यंत घेऊन आला होता. ख्यालगायकीतले थोर उस्ताद हद्दूखाँ हे त्यांचे गायनगुरू. १८७९ च्या सुमारास चिआरिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईत आली, ती छत्र्यांनी पाहिली. हिंदी माणसाला असे काही उभारणे इतक्यात जमणार नाही, असे चिआरिनी म्हणाला आणि ते छत्र्यांना झोंबले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा भाग सोडून देऊ. तारीख मात्र नोंदलेली आहे. २० मार्च १८८० रोजी कुरुंदवाडला 'ग्रेट इंडियन सर्कस'चा पहिला खेळ झाला.

या खेळात नवे काय होते, हे नीट पाहिले पाहिजे. सर्कशीचे गोल रिंगण ही इंग्लंडची देणगी. १७६८ मध्ये लंडनला फिलिप अॅस्ली या निवृत्त घोडेस्वाराने गोल फिरणाऱ्या घोड्यावर उभे राहून कसरती दाखवायला सुरुवात केली. घोडा एका गतीने गोल धावला, की स्वाराला आतल्या बाजूला झुकून तोल सांभाळता येतो. अनुभवाने त्या रिंगणाचा व्यास ४२ फूट ठरला आणि पुढे जगभर तोच मान्य झाला. म्हणजे सर्कशीच्या मुळाशी घोडा आहे. वाघ-सिंह मागून आले. कुरुंदवाडच्या चाबूकस्वाराला ही विद्या आपलीशी वाटली, यात नवल नाही.

बाकीचे मात्र आपल्याकडे होतेच. दोरीवरून चालणे, बांबूच्या टोकावर पोटावर तोल धरणे, कोलांट्या, लोखंडी कडीतून अंग काढणे, ही सारी डोंबाऱ्यांची आणि कोल्हाट्यांची पिढीजात विद्या. अस्वल नाचवणारे दरवेशी, साप खेळवणारे गारुडी, नंदीबैलवाले, माकडवाले, हे गावोगावच्या बाजारात खेळ करीतच होते. ढोलकी वाजली की माणसे जमत, खेळ संपला की लहान मूल थाळी घेऊन गर्दीतून फिरे. छत्र्यांच्या पिढीने त्यात तीन गोष्टींची भर घातली. वर कापडाचे छप्पर, दाराशी तिकीट आणि गावोगाव फिरायला आगगाडी. त्यामुळे गर्दीचा प्रेक्षक झाला आणि भिक्षेचा मोबदला झाला. पाठोपाठ देवल, कार्लेकर अशा नावांच्या सर्कशी सांगली-मिरजेच्या टापूतून निघाल्या. छत्र्यांची मंडळी दक्षिणेत तलश्शेरीला गेली असता तेथले कसरतीचे शिक्षक कीलेरी कुंञिकण्णन यांची आणि त्यांची गाठ पडली. त्यातून केरळात सर्कसविद्येची शाळा उभी राहिली आणि १९०४ मध्ये मलबारची पहिली सर्कस निघाली. पुढे देशभरच्या झुल्यांवर केरळी मुलेमुली दिसू लागली, त्याचा उगम या भेटीत आहे.

आता याच काळातली दुसरी एक तारीख सांगतो. ती सर्कशीच्या इतिहासात सहसा येत नाही. कुरुंदवाडच्या पहिल्या खेळाच्या नऊ वर्षे आधी, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सगळ्या ब्रिटिश मुलखाला लागू करता येऊ लागला. एखादी जमात सरकारने यादीत घातली, की तिच्यातला प्रत्येक माणूस, त्याने काहीही केलेले नसले तरी, जन्मतः संशयित ठरे. त्याने नाव नोंदवायचे, हजेरी द्यायची, परवान्याशिवाय ठरवून दिलेली हद्द ओलांडायची नाही. १९११ पासून बोटांचे ठसेही आले. यादीतल्या जमातींपैकी कोणी गावात आल्याचा संशय आला, तरी पाटलाने आणि गावच्या राखणदाराने ताबडतोब खबर द्यावी, अशी तरतूद पहिल्याच कायद्यात होती. फिरस्ता आला की गावाने सावध व्हायचे, हा नुसता लोकांचा स्वभाव उरला नाही, तो पाटलाच्या कामाचा भाग झाला.

कैकाडी, कंजारभाट, पारधी, अशा कित्येक जमाती या यादीत गेल्या. ज्यांची नावे यादीत नव्हती, त्या डोंबारी-गारुड्यांनाही त्याची झळ लागली. कारण गावच्या वेशीवर पाल पडलेले दिसले, की ते कोणाचे हे विचारायला कोणी थांबत नाही. सोलापूरला या लोकांसाठी तारेच्या कुंपणातली वसाहत उभारली गेली. त्या भागाला लोक अजूनही 'सेटलमेंट' म्हणतात.

या कायद्यातले एक कलम मी वाचले, तेव्हा मला आजीची ताकीद आठवली. १९२४ च्या एकत्रित कायद्यात सरकारला असा अधिकार होता, की या जमातींतली मुले आईबापांपासून वेगळी काढून सरकारने नेमलेल्या शाळांत ठेवावीत. वय सहापासून अठरापर्यंत. म्हणजे भटकी माणसे आमची मुले पळवतील, या धास्तीने आपण दाराला कडी घालत होतो, तेव्हा देशात भटक्यांचीच मुले कायद्याने त्यांच्यापासून काढून घेण्याची सोय होती. आमच्या घरात ही गोष्ट कधी कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. ती कोणाला ठाऊकच नसावी.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. भटक्या-विमुक्त समाजात तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. स्वातंत्र्य मिळून तेव्हा पाच वर्षे होऊन गेली होती.

पाल आणि तंबू या दोन शब्दांकडे जरा लक्ष द्या. दोन्ही कापडाचेच. दोन्ही चार दिवस उभे राहतात आणि मग उचलले जातात. पण पाल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संशय उभा राहतो आणि तंबू म्हटले की बँड, रोषणाई आणि तिकिटाची खिडकी. दोरीवर चालणारी मुलगी पालातली असली तर डोंबारीण, तंबूतली असली तर कलावती. छत्र्यांसारख्या संस्थानाच्या आश्रयातल्या, शिकलेल्या, ब्राह्मण माणसाने फिरतीचा खेळ हाती घेतला आणि त्याला राजदरबाराची दारे उघडली, हे त्यांचे कर्तृत्व मोठेच. पण तीच विद्या अंगात असणाऱ्या डोंबाऱ्याला ही दारे उघडली नाहीत, ही गोष्टही त्याच इतिहासाची आहे. सर्कशीला गाव भ्यायले ते अर्ध्या मनाने. तिकीट काढून भ्यायले, असे म्हणा ना.

सर्कशीचा तंबू काहींना आसरा झाला, हेही सांगितले पाहिजे, आणि त्यातली एक गोष्ट तर आपल्या गावची आहे. हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ. गळा असा, की पुढे लोकांनी त्यांना 'भूगंधर्व' म्हटले. पण वडिलांच्या मागे त्यांची वाताहत झाली. घर सुटले, मनाचा तोल ढळला आणि ते काशीत हलाखीत फिरत असल्याचे विष्णुपंतांना कळले, असे परंपरा सांगते. गुरूचा मुलगा म्हणून छत्र्यांनी त्यांना शोधून आपल्याजवळ आणले आणि सर्कशीबरोबर ठेवले. ग्वाल्हेर घराण्याचा हा थोर गायक पुढची कित्येक वर्षे घोडे, पिंजरे आणि कसरतपटू यांच्या तांड्याबरोबर गावोगाव फिरला. विष्णुपंतांच्या मागे त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी खाँसाहेबांना सांभाळले. १९२२ मध्ये कुरुंदवाडला त्यांचा देह पडला. ज्यांच्यापासून मुलांना जपायला आपण सांगत होतो, त्यांनी आपल्या गावच्या एका हरवलेल्या मुलाला जपले होते.

मात्र एवढ्यावर थांबून सर्कशीची आरती ओवाळणे खरे होणार नाही. तंबूत काळेबेरे नव्हते असे नाही. ते होते, पण गाव ज्या बाजूला पाहत होते त्या बाजूला नव्हते.

पहिली गोष्ट जनावरांची. आगीच्या कड्यातून उडी मारणारा वाघ उरलेला दिवस कसा काढतो, हे प्रेक्षकाला दिसत नसे. दोन खेळांच्या मधले त्याचे सारे आयुष्य स्वतःभोवती जेमतेम वळता येईल एवढ्या पिंजऱ्यात जाई. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या यांना शिकवून त्यांचे खेळ करण्यावर केंद्र सरकारने १९९१ मध्ये बंदी घातली. सर्कसवाले न्यायालयात गेले. १९९८ मध्ये नवी अधिसूचना निघाली, तीत सिंहही आला, आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. विष्णुपंतांच्या पहिल्या खेळापासून मोजले तर यात १२१ वर्षे गेली.

दुसरी गोष्ट आगीची. मेणचट कापड, सुके गवत, विजेच्या लोंबत्या तारा आणि एकाच दाराशी दाटलेली हजारो माणसे, हे मिश्रण जगभर घातक ठरले आहे. अमेरिकेत हार्टफर्ड येथे ६ जुलै १९४४ रोजी दुपारच्या खेळाला आग लागली. पाणी आत येऊ नये म्हणून तंबूच्या कापडाला पेट्रोलसारख्या द्रवात विरघळवलेले मेण चोपडलेले होते. काही मिनिटांत छप्पर खाली आले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. आपल्याकडे बंगळूरला ७ फेब्रुवारी १९८१ रोजी व्हीनस सर्कशीचा तंबू पेटला आणि ९२ जणांचा मृत्यू झाला. त्यांत मुलांची संख्या फार मोठी होती. म्हणजे मुलांना धोका होता, तो खराच होता. पण तो तंबूबाहेर अंधारात कोणी टपून बसल्याचा नव्हता. आपण स्वतः त्यांचे बोट धरून त्यांना जेथे नेऊन बसवत होतो, तेथेच तो होता, आणि दारे किती आहेत हे विचारण्याचे आपल्यापैकी कोणाला सुचत नव्हते.

तिसरी गोष्ट सर्वांत जड आहे. सर्कशीत मुले पळवून नेतात, ही आजीची ताकीद अगदीच निराधार नव्हती. फक्त ती मुले आपली नव्हती. नेपाळातून आणि आपल्याकडच्या गरीब भागांतून दलाल मुली गोळा करीत, आईबापांच्या हातावर थोडी रक्कम ठेवीत, कोऱ्या कागदावर अंगठा घेत. वर्षानुवर्षांच्या करारात ती मुले अडकून पडत. 'बचपन बचाओ आंदोलन' या संस्थेने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १८ एप्रिल २०११ च्या निकालाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी घालण्याचा आणि असलेल्या मुलांना सोडवून त्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश सरकारला दिला. याचा अर्थ सरळ आहे. गावाला पळवलेली मुले हवी होती तर ती शोधायला लांब जावे लागले नसते. ती समोर झुल्यावर होती. आपण त्यांना टाळ्या देत होतो. त्यांच्यातल्या कोणाचे वय काय, घर कोठे, हे आपण विचारले नाही. मी तरी विचारले नाही.

सर्कशी आता बहुतेक बंद पडल्या. मग हा जुना विषय आज कशाला, असे कोणी विचारील. तंबू गेले, पण ती ताकीद गेली नाही, म्हणून. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी बाजाराच्या दिवशी पाच माणसे आली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची. पिढ्यान् पिढ्या भिक्षा मागत फिरणारी. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून सगळीकडे फिरत होती. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून मारून टाकले. त्यांनी कोणाचे मूल नेले नव्हते. १८७१ चा कायदा कागदावरून जाऊन तेव्हा जवळजवळ ६६ वर्षे झाली होती.

हे गाव क्रूर माणसांचे होते, असे म्हणून आपली सुटका होत नाही. आईबाप मुलांच्या काळजीने जे ऐकतात, सांगतात, पुढे पाठवतात, त्याचीच ती शेवटची पायरी होती. आमच्या आजीचे शब्द प्रेमाचे होते. पण त्या प्रेमात एका अनोळखी माणसावरचा आरोप होता आणि तो कोणी तपासून पाहिला नव्हता. आरोप न तपासता पुढच्या पिढीला देण्याची सवय घराघरांतून टिकली, तर कायदा रद्द होऊनही तो चालूच राहतो.

शेवटी आपल्या स्वतःबद्दल थोडे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या घरांना या विषयात विशेष अधिकार आहे, असे मी समजतो. आपण ज्या भागात राहतो त्याचे नाव लष्कर. ते का, हे नव्या पिढीतल्या पुष्कळांना ठाऊक नसते. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला येऊन उतरली. ती पुन्हा उठली नाही, म्हणून हे शहर झाले. त्याच्या आदल्या वर्षी, १८०९ मध्ये, ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी या छावणीबरोबर राजपुतान्यातून फिरत होता. त्याची पत्रे पुस्तकरूपाने छापलेली आहेत. बाजार, सावकार, देवघरे आणि बायकामुले घेऊन एक सबंध गाव कसे मुक्कामामागून मुक्काम करीत चालले होते, याचे चित्र त्यांत सापडते. त्या चालत्या गावात आपले पूर्वज होते. कारकून असतील, शिलेदार असतील, भिक्षुक असतील, आचारी असतील. राहायला कापडच होते.

ती छावणी वाटेवरच्या खेड्यांजवळ पोहोचली, की तिथल्या आयांनी काय केले असेल? मुलांना हाका मारून आत घेतले असेल. दाराला कड्या लावल्या असतील. आणि मराठी फौजांचा इतिहास प्रामाणिकपणे वाचला तर, त्यांची भीती आमच्या आजीच्या भीतीपेक्षा पुष्कळ साधार होती, हे मान्य करावे लागते. तरीही त्या मुलखाने पुढे आपल्याला जागा दिली. आपल्या वाड्यांना त्याच गावच्या गवंड्यांनी पाये घातले. इंदूरची, बडोद्याची कथा तपशिलात निराळी, पण तेथेही आपण प्रथम आलो ते घोड्यावरून आणि डेऱ्यातून. दोनशे वर्षांत आपण इतके स्थिर झालो, की दुसऱ्याचे पाल पाहून आपल्याला आपला डेरा आठवत नाही.

आमच्या घरी आजोबांच्या हातची जमाखर्चाची एक वही आहे. तीत मेळ्याच्या दिवसांत सर्कशीच्या तिकिटांची नोंद आहे, गोंधळ्याला दिलेल्या दक्षिणेची आहे, डोंबाऱ्याला दिलेल्या आण्यांचीही आहे. दूधवाल्याचे नाव आहे, शिंप्याचे आहे, सोनाराचे आहे. गोंधळ्याचे आणि डोंबाऱ्याचे नाव नाही. ही माणसे दरसाल येत असत, दारात उभी राहत असत, त्यांची मुलेबाळे आमच्यादेखत मोठी होत असत. कोणी नाव विचारले नव्हते, म्हणून लिहिले गेले नाही.

आपापल्या घरच्या वह्या एकदा काढून पाहा, अशी माझी विनंती आहे. आणि यापुढे दारात कोणी वासुदेव, कोणी नंदीवाला उभा राहिला, तर पैसे देण्याआधी त्याचे नाव विचारा, गाव विचारा, मुले कोणत्या शाळेत जातात ते विचारा. नातवंडे शेजारी उभी असताना विचारा. त्यांना ताकीद द्यायचीच असेल, तर ती देण्यापूर्वी एवढे त्यांनी ऐकलेले बरे.